स्टेशनासमोर टॅक्सी आहे

जपानी शिकायला लागून जेमतेम तीन महिने झालेल्या एका मुलीच्या वहीत हे वाक्य होतं: ‘एकि नो माए नि ताकुशी गा इमास.’ स्टेशनासमोर टॅक्सी आहे. ‘इमास’खाली लाल रेघ, वर त्याच लाल शाईत ‘आरिमास’. टॅक्सी निर्जीव, निर्जीवाला आरिमास, विषय संपला. मुलीनं काही विचारलं नाही, मान डोलावली आणि वही मिटली. चूक दुरुस्त करून कुणी गेलं की गोष्ट तिथेच संपायला हवी. ही संपेना, कारण लाल रेघ नियमाप्रमाणे बरोबर असली तरी वाक्य चुकलेलं नव्हतं. जपानातल्या ओकायामा स्टेशनाबाहेर रात्री पाऊस लागलेला असावा, छत्री सावरत कुणीतरी रस्त्याकडे डोळे लावून उभं असावं, आणि कोपऱ्यावरून दिवा दिसावा. तो माणूस म्हणेल, ‘आ, ताकुशी गा इता!’ हा ‘इता’ म्हणजे ‘इमास’चंच साधं, घरगुती भूतकाळी रूप. मुलीच्या मनात टॅक्सी आणि तिच्यातला माणूस एकच होता का, की तिनं नुसताच चुकीचा शब्द टाकला, ते आता कळायचं नाही.

नियम तसा पहिल्याच तासाला सांगतात: जपानीत ‘आहे’ला दोन क्रियापदं. माणूस, कुत्रा, मासा, डास यांच्यासाठी ‘इरु’, सभ्य रूप ‘इमास’. दगड, पुस्तक, घर, पैसा, वेळ यांच्यासाठी ‘आरु’, सभ्य रूप ‘आरिमास’. (लिहिताना शेवटी ‘सु’ असतो, बोलताना तो गिळला जातो, म्हणून इथे ‘स’.) ऐकताना ‘सजीव-निर्जीव’ असं वाटतं आणि तिथेच पहिला पाय घसरतो, कारण झाडं आरिमासमध्ये जातात. झाड जिवंत असतं हे जपान्यांना ठाऊक नाही असं थोडंच आहे. पण भाषा जीव मोजत नाही, ती विचारते की हे आपणहून हलेल का, जाईन म्हणाल्यावर जाईल का. ओकायामातलीच कोराकुएन बाग डोळ्यांसमोर आणावी. इकेदा सरदारांनी १६८७ साली कामाला हात घातला, १७०० साली बाग पुरी झाली. पुण्यात सिंहगड रस्त्यावरचं पु. ल. देशपांडे उद्यान ज्या धर्तीवर आखलंय, ती ही बाग. तिथून चालत निघालं की तळं: इके गा आरिमास. तळ्यावर पूल: हाशी गा आरिमास. पलीकडे चहाचा मळा, त्यापुढे उमेची (जपानी आलुबुखाराची) झाडं, सगळं आरिमास. पाण्यात वाकून बघावं तर कोइ मासे, आणि वाक्याचं शेपूट बदलतं: कोइ गा इमास. पिंजऱ्यात लाल टोपीचे क्रौंच: त्सुरु गा इमास. बागेत चालता चालता क्रियापद असं दहा पावलांवर कूस बदलत राहतं, आणि बोलणाऱ्याला त्याची जाणीवही नसते.

कोइ आणि जेवणातला मासा यांच्यात मात्र एक सुरी असते.

टाकीतला मासा ‘इमास’, फ्रीजमधला मासा ‘आरिमास’. कोळणीच्या पाटीतली सुरमई जपानीत कितीही ताजी असली तरी ‘आरिमास’च, टोपलीत नांग्या हलवणारा खेकडा ‘इमास’, आणि त्याच खेकड्याच्या पायांबद्दल बोलायचं झालं तर ‘कानि नि वा आशि गा जुप्पोन आरिमास’, खेकड्याला दहा पाय आहेत. खेकडा एका क्रियापदात, त्याचे पाय दुसऱ्यात. मृतदेह ‘आरु’, पण भूत ‘इरु’, कारण भूत येतं, उभं राहतं, मागे लागतं. देव आहे की नाही हा वाददेखील ‘इरु’मध्येच घालतात. बाहुली ‘आरु’. रोबोचं नक्की नाही: कोपऱ्यात बंद पडलेलं यंत्र म्हणून बघितलं तर आरु, समोर येऊन वाकून नमस्कार करणारा म्हणून बघितलं तर इरु. थोडक्यात, क्रियापद वस्तूच्या गुणधर्मापेक्षा बघणाऱ्याच्या नजरेबद्दल जास्त सांगतं.

मराठी माणसाला इथे अडचण येते ती सजीव-निर्जीवाची नसतेच. ती येते आपल्या ‘आहे’मुळे. आपलं ‘आहे’ दोन वेगळी कामं एका अंगरख्यात करतं. ‘हे पुस्तक आहे’ आणि ‘इथे पुस्तक आहे’ ही आपल्याला जुळी भावंडं वाटतात. जपानीत पहिलं ‘कोरे वा होन देस’, दुसरं ‘कोको नि होन गा आरिमास’. पहिल्यात ओळख करून दिली जाते, दुसऱ्यात ती चीज जगात कुठे आहे ते सांगितलं जातं. यात गडबड झाली की ‘कोरे वा होन गा आरिमास’सारखी वाक्यं जन्माला येतात, आणि समोरचा जपानी माणूस हसून मान हलवतो, म्हणजे त्याला कळलेलं नसतं. शिकवताना एक सोपी कसोटी कामाला येते. मराठी वाक्यातलं ‘आहे’ गाळून बघावं. ‘हा माझा भाऊ.’ ‘हे आमचं घर.’ वाक्य उभं राहतं, तिथे देस. ‘फ्रीजमध्ये दूध.’ वाक्य लोंबकळतं, पुढे काय विचारावंसं वाटतं, तिथे आरिमास. दुसरी कसोटी नकाराची, ती आणखी जुनी आणि आणखी सुरेख. जिथे ‘नव्हे’ चालतं तिथे देसचा नकार, ‘दे वा आरिमासेन’. जिथे फक्त ‘नाही’च चालतं तिथे ‘आरिमासेन’. ‘हे पुस्तक नव्हे’ आणि ‘इथे पुस्तक नाही’. बोलण्यातून ‘नव्हे’ उठत चाललंय, त्याबरोबर ही कसोटीही जाणार. नकारात ‘दे वा आरिमासेन’ म्हणताना देसच्या पोटात दडलेला आरु बाहेर येतो, हेही विद्यार्थ्याला दाखवून ठेवावं. मग ते पाठ करावं लागत नाही.

नकाराचंच निघालंय तर, ‘आरु’चं साधं नकारी रूप काय? क्रियापदांच्या चालीप्रमाणे ‘आरानाइ’ व्हायला हवं. प्रमाण जपानीत असा शब्दच नाही. (ओसाकाकडे ‘आराहेन’ म्हणतात, ते वेगळं.) तिथे सरळ ‘नाइ’ येतं, आणि ते क्रियापद नसून विशेषण आहे; भूतकाळी ‘नाकात्ता’ होतं, एखाद्या रंगाचं किंवा चवीचं व्हावं तसं. इंग्रजीतून जपानी शिकणारे इथे अडखळतात. मराठी माणसानं अडखळू नये. आपण ‘आहे’चा नकार कुठे ‘आहे न’ करतो? आपणही झटकन दुसऱ्या शब्दावर उडी मारतो: आहे, नाही. असतो, नसतो. होता, नव्हता. उलट ‘इरु’ अगदी शहाण्यासारखं ‘इनाइ’ होतं. माणूस नसतो तेव्हा तो व्याकरणाप्रमाणे नसतो. वस्तू नसते तेव्हा क्रियापदच गायब होतं.

वाक्याची बांधणी मात्र आपल्या इतकी जवळची की पहिल्या दिवशी गंमत वाटावी. ‘त्सुकुए नो शिता नि काबान गा आरिमास.’ टेबल, च्या, खाली, बॅग, आहे. ‘नो’ म्हणजे ‘च्या’, ‘शिता’ म्हणजे ‘खाली’, आणि जागेच्या शेवटी ‘नि’ चिकटतो. ‘उए’ वर, ‘नाका’ आत, ‘माए’ पुढे, ‘उशिरो’ मागे, ‘आइदा’ मध्ये. ‘उए’ला टेबलावर आणि टेबलाच्या वर यांतला फरक कळत नाही. टेबलावरचा कप आणि टेबलाच्या वर टांगलेला दिवा, दोन्ही ‘त्सुकुए नो उए नि’. आपण इथे जपान्यांपेक्षा काटेकोर. उलट ‘तोनारि’ आणि ‘योको’ यांत ते काटेकोर: तोनारि म्हणजे त्याच जातीचा शेजार, घराशेजारी घर, माणसाशेजारी माणूस, नुसतं बाजूला असेल तर योको. माणसाशेजारी ठेवलेल्या छत्रीला तोनारि म्हटलं की कानाला खटकतं. आता नामामागे लागणारे ‘गा’ आणि ‘वा’. त्यावर ग्रंथ लिहिलेत, पण इथे एवढंच पुरे: ‘टेबलावर पुस्तक आहे’ ते ‘गा’, ‘पुस्तक टेबलावर आहे’ ते ‘वा’. ‘त्सुकुए नो उए नि होन गा आरिमास’ आणि ‘होन वा त्सुकुए नो उए नि आरिमास’. जे काम आपण शब्दांची जागा बदलून करतो, ते जपानी जागा बदलून वर शिक्काही मारून करतं. मराठी वाक्य नीट ऐकलं तर वेगळा नियम लागत नाही. आपण ते पाठ्यपुस्तकातल्या इंग्रजीतून समजून घ्यायला जातो आणि गोते खातो.

मोजायचं असलं की आकडा क्रियापदाच्या आधी येऊन बसतो, आणि त्याला कुठलाच प्रत्यय लागत नाही. ‘होन गा सान्सात्सु आरिमास’, पुस्तकं तीन आहेत. पुस्तकांना ‘सात्सु’, कागदाला ‘माइ’, गाड्या-यंत्रांना ‘दाइ’, अंड्यांना ‘को’. पेन्सिलीसारख्या लांबट वस्तूंना ‘होन’ (पुस्तकाच्या ‘होन’शी गल्लत नको), आणि हा होन आकड्याप्रमाणे तोंड फिरवतो: इप्पोन, निहोन, साम्बोन, मग सहाला रोप्पोन. विद्यार्थी चुकतो तो साम्बोनला, कारण पुस्तकाच्या ‘सान्सात्सु’त काहीच बदलत नाही आणि तीच सवय पुढे येते. अडलं तर ‘हितोत्सु, फुतात्सु, मित्त्सु’ म्हणून दहापर्यंत वेळ मारून नेता येते. आपल्याकडेही दुकानात ‘दहा नग’ आणि पंगतीला ‘दहा जण’ असतातच. ‘दहा नग जेवायला आले’ म्हटलं तर हसू येतं. ते हसू आणि ‘कुत्रा आरिमास’ ऐकून जपान्याला येणारं हसू एकाच घरातलं.

खरी गंमत मालकीत आहे.

मराठी माणूस स्वतःच्या चिजांबद्दल बोलताना किती सावध असतो हे परकी भाषा शिकल्याशिवाय लक्षात येत नाही. ‘मला दोन भाऊ आहेत’, पण ‘माझ्याकडे दोन गाड्या आहेत’. ‘माझ्याकडे दोन भाऊ आहेत’ म्हटलं की ते पाहुणे म्हणून उतरलेत असा अर्थ होतो. सुटे पैसे ‘माझ्याजवळ’. घर ‘माझं’. धमक ‘माझ्यात’. घराला चार खिडक्या, गाईला दोन शिंगं. क्रियापद तेच, खांब रोवल्यासारखं ‘आहे’, आणि बदलत राहतो तो मालकाचा प्रत्यय: ला, कडे, जवळ, चं, त. नात्याची जात आपण मालकाच्या अंगावर लिहितो. जपानी माणूस मालकाला हातच लावत नाही. ‘वाताशी वा’ किंवा ‘वाताशी नि वा’ (‘मी’, ‘मला’), बस. पुढे भाऊ आले तर ‘क्योदाइ गा इमास’, गाडी आली तर ‘कुरुमा गा आरिमास’, वेळ असेल तर ‘जिकान गा आरिमास’, खिडक्या असतील तर ‘कोनो उचि नि वा मादो गा योत्त्सु आरिमास’. मालक तोच, बदलतं ते क्रियापद. आपण विचारतो, ही वस्तू तुझी कोण लागते? ते विचारतात, ही वस्तू आहे तरी काय? दोन्ही भाषांत ‘माझं असणं’ हे शेवटी माझ्यापाशी एक चीज असण्यापलीकडे जात नाही, मालकीचं वेगळं क्रियापद कुणीच काढलेलं नाही, आणि म्हणून मराठीतून हा धडा शिकवताना अर्धं काम आधीच झालेलं असतं. जपानीत ‘मोत्ते इमास’ आहे, पण ते मुळात हातात धरणं. गाडी, छत्री, पासपोर्ट यांना शोभतं. भावंडांना ‘मोत्ते इमास’ लावलं तर भावांना बखोटीला धरून उभं असल्यासारखं वाटतं.

एक जुनी गाठ अजून सुटलेली नाही. बायको, मुलं असण्याबद्दल लिहिताना पोक्त जपानीत ‘त्सुमा गा आरु’, ‘कोदोमो गा आरु’ असं आजही येतं. बायको घरात आहे म्हणायचं तर इरुच हवं, पण तिचं ‘असणं’ एक वस्तुस्थिती म्हणून मांडायचं तर आरु चालतं. नवशिक्यांना हे सांगू नये, गोंधळतात. पण लक्षात ठेवावं, कारण पुस्तकात दिसतं आणि ते छापखान्याची चूक वाटते.

आरुच्या पोतडीत वस्तूंखेरीज पुष्कळ काही जातं, आणि बहुतेक आपल्या ‘आहे’मध्येही जातं. ‘नेत्सु गा आरिमास’, ताप आहे. ‘योजि गा आरिमास’, काम आहे. ‘आश्ता शिकेन गा आरिमास’, उद्या परीक्षा आहे. भविष्यकाळ लागत नाही, आपल्यालाही लागत नाही. एकच खाच: समारंभ, परीक्षा, सभा या घडणाऱ्या गोष्टी, त्यांच्या जागेला ‘नि’ नाही, ‘दे’ लागतो. ‘क्योशित्सु नि त्सुकुए गा आरिमास’, वर्गात टेबल आहे. ‘क्योशित्सु दे शिकेन गा आरिमास’, वर्गात परीक्षा आहे. मराठीत दोन्हीकडे ‘वर्गात’, म्हणून मराठी विद्यार्थी इथे हमखास ‘नि’ लिहितो. वर्षानुवर्षं हीच चूक, त्याच जागी. आणि अनुभव. ‘फुजिसान ओ मिता कोतो गा आरिमास’, फुजी पाहिल्याची गोष्ट आहे. जे पाहिलं ते चिजेसारखं आपल्यापाशी ठेवलेलं असतं.

ठेवलेलं म्हटल्यावर खिडकी आठवते. ‘मादो गा आइते इमास’, खिडकी उघडी आहे. ‘मादो गा आकेते आरिमास’, खिडकी उघडून ठेवलेली आहे. आधी इथे विद्यार्थी हात वर करतो: खिडकी निर्जीव, मग पहिल्या वाक्यात इमास कसं? साहाय्यक झाल्यावर इरु जीव तपासत नाही, तो फक्त अवस्था चालू आहे एवढंच सांगतो. उलट ‘आकेते आरिमास’मध्ये वाक्यात कुठेही माणूस नाही, पण कुणीतरी मुद्दाम, काहीतरी मनात धरून ती उघडून गेलंय हे ऐकणाऱ्याला कळतं. पाहुणे येणार असतील, धूर कोंडला असेल. तोच माणूस करताना ‘आकेते ओकु’ म्हणतो, आणि ‘ओकु’चा अर्थ शब्दशः ठेवणे. ‘करून ठेवणे’ आणि ‘शिते ओकु’ यांना एकमेकांपुढे ठेवलं की वर्गात दर वेळी दोन क्षण शांतता पसरते. हे इंग्रजीतून समजावायला अर्धा तास लागतो. मराठीतून एक वाक्य.

हा सगळा भेद कायमचा नव्हता. हजारेक वर्षांपूर्वीच्या हेइआन काळातल्या ‘इसे मोनोगातारि’ या कथासंग्रहातल्या कितीतरी गोष्टी ‘मुकाशि, ओतोको आरिकेरि’ अशा सुरू होतात: फार पूर्वी एक पुरुष होता. पुरुष, आणि आरि! तेव्हा माणसंही आरुमध्येच राहत. इरु तेव्हा ‘विरु’ होता आणि त्याचा अर्थ बसणे, एका जागी थांबणे. बसता बसता तो असण्यापर्यंत आला. ‘काय करतोयस?’ला ‘बसलोय’ असं उत्तर देणाऱ्यांना यात नवल वाटू नये. वाकायामाच्या काही भागांत माणसाला आरु म्हणायची जुनी रीत बोलीत टिकून आहे. आणि जपानीतला जो एक शब्द जगाला ठाऊक आहे, ‘आरिगातो’, त्यातही हाच आरु बसलाय: ‘आरि’ असणे, ‘काताइ’ कठीण. असणं कठीण, म्हणजे दुर्मिळ. ज्याबद्दल आभार मानायचे ती चीज सहसा नसते, असं काहीसं.

हरवलेली किल्ली सापडली की जपानी माणूस ओरडतो, ‘आत्ता!’ आरुचं भूतकाळी रूप. आपल्या कानाला ते भलतंच लागतं, पण भाव आपलाच: ‘अगं, इथेच होती की!’ किल्ली अजूनही तिथेच असते, तरी आपण ‘होती’ म्हणतो. सापडण्याचा क्षण दोन्ही भाषांत भूतकाळात जातो. टॅक्सीचा ‘इता’ही तोच. फक्त ती किल्लीसारखी ‘आत्ता’ होत नाही. रस्त्यावर दिवा लावून आलेल्या टॅक्सीत बसलेला माणूस थांबेल किंवा थांबणार नाही, आणि म्हणून टॅक्सीला त्याचं क्रियापद मिळतं. संध्याकाळी साडेसातला पुण्यात कुठल्याही चौकात उभं राहिलेल्याला हे समजावून सांगायला लागत नाही: ‘एकही रिक्षा यायला तयार नाही!’ आपण रिक्षाच म्हणतो, रिक्षावाला नाही. तीन चाकांची तयारी असते की नसते. कंपनीच्या आवारात रांगेत लावून ठेवलेल्या, चाव्या ऑफिसात जमा केलेल्या गाड्या मात्र ‘आरिमास’. बसचंही तसंच: थांब्यावर इंजिन घरघरत असलेली ‘इरु’, डेपोत धुवायला लावलेली ‘आरु’.

तेव्हा त्या वहीतल्या रेघेचं काय करायचं? पहिल्या पायरीच्या परीक्षेत पर्याय निवडायचा असेल तर गाडीसमोर आरिमासच निवडावं, तिथे वाद घालून गुण मिळत नाहीत. पण वाक्य परीक्षेतलं नव्हतं, स्टेशनासमोरचं होतं. लाल शाई खोडायची सोय नसते. बाजूला पेन्सिलीनं एवढंच लिहिता येईल: ड्रायव्हर आत बसलाय, की चहाला गेलाय?